बैलगाड्या बर्फावरून गेल्या, पण सगळ्या नाही

५ मार्च २०२४ रोजी अमेरिकेतल्या दोन चर्चमध्ये एक मोठा व्यवहार झाला. एका चर्चने १९ कोटी २५ लाख डॉलर मोजून दुसऱ्या चर्चकडून ओहायोतलं एक जुनं मंदिर, काही हस्तलिखितं आणि इलिनॉय राज्यातल्या नॉवू या गावातली काही घरं व एक लाल विटांचं दुकान विकत घेतलं. नॉवूची आजची वस्ती जेमतेम हजारभर. एवढ्याशा गावातल्या पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या घरांसाठी कोणी इतके पैसे का मोजावेत, असा प्रश्न बाहेरच्या माणसाला पडणारच.

शोधायला गेलात की एक चित्र हमखास समोर येतं. गोठलेली मिसिसिपी नदी, तिच्यावरून कापडी छताच्या गाड्यांची लांबच लांब रांग, गाड्यांना जुंपलेले बैल आणि मागे टेकडीवर मंदिर. इथे दुसरा प्रश्न उभा राहतो आणि मला तो पहिल्यापेक्षा जास्त रंजक वाटतो. एवढी मोठी वाहती नदी गोठते कशी? भरलेली बैलगाडी बर्फावरून जाऊ शकते का? आणि घरदार सोडायला त्या गाड्यांतल्या मॉर्मन लोकांना नेमका फेब्रुवारीच सापडला का?

आधी गाव आणि माणसं

मॉर्मन म्हणजे जोसेफ स्मिथ यांनी १८३० मध्ये स्थापन केलेल्या ख्रिस्ती पंथाचे अनुयायी. पंथाचं अधिकृत नाव लांबलचक आहे, 'चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स'. 'मॉर्मन' हे टोपणनाव वापरू नका, असं आता चर्चच सांगतं. इतिहासात मात्र तेच नाव रुळलेलं असल्यामुळे इथेही तेच वापरतो.

शेजारच्या मिझुरी राज्यातून या लोकांना अक्षरशः हाकललं गेलं. ऑक्टोबर १८३८ मध्ये तिथल्या गव्हर्नरने, मॉर्मनांना राज्याबाहेर घालवा नाहीतर संपवा, असा हुकूम काढला होता. (तो अधिकृतपणे मागे घ्यायला १९७६ उजाडलं.) तिथून निघून ते १८३९ मध्ये मिसिसिपीच्या एका वळणावर आले. जागा दलदलीची होती म्हणूनच परवडणारी होती. पहिल्याच उन्हाळ्यात हिवतापाने माणसं पटापट आडवी झाली. डासांचा आणि तापाचा संबंध तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हता. हिवाळ्याच्या कहाण्या ऐकताना हे विसरायला होतं, पण नॉवूत राहणाऱ्यांसाठी सुरुवातीची वर्षं तरी जीवघेणा ऋतू उन्हाळा होता. थंडी पडली की डास जायचे.

दलदल उपसून त्यांनी शहर उभं केलं. काही वर्षांतच वस्ती अकरा-बारा हजारांवर गेली, म्हणजे तेव्हाच्या शिकागोच्या बरोबरीची. गावाचा सगळा श्वास नदीवर होता. इंग्लंडहून येणारे नवे अनुयायी न्यू ऑर्लिन्सला उतरायचे आणि वाफेच्या बोटीने वर यायचे. नदी गोठली की बोटी बंद, आणि मग त्यांना सेंट लुईसला किंवा वाटेत कुठेतरी मुक्काम ठोकावा लागायचा. थोडक्यात, बर्फ गोठलेला रस्ता बनण्याआधी कितीतरी वर्षं तो बंद दरवाजा होता.

वाहती नदी गोठते तरी कशी?

दहावीच्या विज्ञानात 'पाण्याचे असंगत आचरण' शिकलेलं आठवत असेल. पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असतं. त्याखाली आणखी थंड होताना ते हलकं होतं आणि वर राहतं. म्हणून तळं वरून गोठतं आणि खाली मासे जगतात. होपच्या उपकरणाची आकृती काढून मार्कही मिळवले होते आपण.

नदीत हे गणित बिघडतं. वाहतं पाणी सतत ढवळलं जातं, त्यामुळे थरच टिकत नाहीत. वरपासून तळापर्यंत सगळं पाणी शून्याला येतं आणि कडाक्याच्या रात्री शून्याच्या किंचित खालीही जातं, अंशाच्या काही शतांश भागांइतकं. त्या क्षणी पाण्यात बारीक, चपटे बर्फाचे कण तयार होतात. त्यांना 'फ्रेझिल' म्हणतात. हे कण एकमेकांना चिकटून लगदा होतो, लगदा वर तरंगतो, हवेने घट्ट होतो आणि नदीभर बर्फाच्या गोल थाळ्या वाहू लागतात. त्याच वेळी काठाजवळच्या संथ पाण्यात दोन्ही बाजूंनी बर्फाची किनार आत सरकत असते.

आता मधली वाट अरुंद होत जाते. दादरला लोकलच्या दारात सगळे एकदम घुसले की खांद्याला खांदा लागून गर्दी दारातच अडकते, आणि मग मागून कितीही रेटा आला तरी कोणी आत जात नाही. बर्फाच्या थाळ्यांचं वळणावर किंवा अरुंद जागी नेमकं असंच होतं. एक कमान अडकली की मागून येणारी प्रत्येक थाळी तिला टेकून थांबते आणि बर्फाचं आवरण प्रवाहाच्या उलट दिशेने, वरच्या अंगाला वाढत जातं. मधल्या फटी गोठल्या की झाला पूल तयार.

लडाखला 'चादर'वरून चालून आलेल्या आपल्याकडच्या ट्रेकर मंडळींनी झंस्कार नदीचं असंच रूप पाहिलेलं असतं. कडेला घट्ट बर्फ, मध्ये कुठेतरी खळाळतं पाणी, आणि काल होती ती वाट आज गायब.

यातला एक मुद्दा पुढे कामाला येणार आहे. नदीवर बर्फ फक्त तिथल्या तिथे वाढत नाही. त्याचा बराचसा भाग वरून वाहत, तयार होऊनच येतो.

बैलगाडी पेलणारा बर्फ किती जाड लागतो?

शून्य अंशाचं एक किलो पाणी शून्याच्याच बर्फात बदलायला त्यातून सुमारे ३३४ किलोज्यूल उष्णता बाहेर जावी लागते. शाळेतला 'अप्रकट उष्मा' तो हाच. आवरण तयार झाल्यावर ही उष्णता वरच्या बर्फातून वाट काढत हवेत जाते. बर्फ जितका जाड, तितकी ती वाट लांब. म्हणून पहिले काही सेंटीमीटर झटपट होतात आणि पुढे वेग मंदावत जातो. ढोबळ नियम असा, की जाडी दुप्पट व्हायला थंडीचे दिवस चौपट लागतात. सरासरी उणे १० अंशांत शांत पाण्यावर चार दिवसांत बारा-तेरा सेंटीमीटर बर्फ झाला, तर पंचवीस सेंटीमीटरला पंधरवडा लागेल. वर हिम साचलं तर ते गोधडीसारखं काम करतं आणि वाढ आणखी रखडते.

वजन पेलण्याच्या बाबतीत नियम उलट्या बाजूने, आपल्या फायद्याचा आहे. जाडी दुप्पट झाली की ताकद चौपट होते. स्वच्छ, निळसर, एकसंध बर्फ दहा सेंटीमीटर असेल तर एक माणूस चालू शकतो. सामान भरलेली गाडी टनभराची, तिला जुंपलेले बैल वेगळे. त्यांच्यासाठी साधारण फूटभर बर्फ असला तर मन निर्धास्त राहील. पांढरट, हवेचे बुडबुडे अडकलेला बर्फ निम्म्याच ताकदीचा धरतात. नदीचा बर्फ तर तळ्याच्या बर्फापेक्षा बेभरवशाचा, कारण खालून प्रवाह तो कुठे किती कोरतो आहे हे वरून दिसत नाही.

गाड्यांमध्ये अंतर ठेवणं आणि सावकाश जाणं, हे दोन्ही नियमही भौतिकशास्त्राचेच. वजनाखाली बर्फ किंचित वाकतो आणि त्याखालच्या पाण्यात लाट उठते. वाहन त्या लाटेच्या वेगाने धावलं तर बर्फावरचा ताण कितीतरी वाढतो. बैलांच्या चालीला निदान ही भीती नव्हती.

फेब्रुवारी १८४६ मध्ये प्रत्यक्षात काय झालं

आता चित्राकडे परत येऊ. नॉवू सोडून जाण्याची सुरुवात ४ फेब्रुवारी १८४६ रोजी झाली. त्या दिवशी नदी गोठलेली नव्हती. पहिल्या गाड्या सपाट तळाच्या होड्यांवर चढवून पलीकडे आयोवात नेल्या. नेते ब्रिगहम यंग १५ फेब्रुवारीला निघाले. सुरुवातीचे दोनेक आठवडे गाड्या अशाच, होड्यांवरून, जात राहिल्या.

होडीचा प्रवास सोपा होता असं अजिबात नाही. ९ फेब्रुवारीला एका माणसाने तंबाखूची पिंक होडीवरच्या बैलाच्या डोळ्यात उडवली, असं तेव्हाच्या नोंदीत आहे. बैल बिथरून पाण्यात पडला, त्याने जोडीदारालाही ओढलं, होडीची एक फळी उखडली आणि होडी पाण्याखाली गेली. माणसं वाचली, बैल बुडाले. त्याच दिवशी नॉवूतल्या मंदिराच्या छताला आग लागली. इतिहासातले काही दिवस असे असतात, की लेखकाने रचले असते तर आपण त्याला अतिरंजित म्हटलं असतं.

मग थंडी वाढली आणि नदीतून बर्फाच्या थाळ्या वाहू लागल्या. हा सगळ्यात वाईट काळ. मोकळ्या नदीत होडी चालते, पक्क्या बर्फावर गाडी चालते, पण अर्धवट गोठलेल्या नदीत दोन्ही चालत नाही. वाहतूक थांबली. काही कुटुंबांतली निम्मी माणसं आयोवात, निम्मी अजून नॉवूत, अशी स्थिती झाली.

महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात कडाक्याची थंडी पडली आणि नदी सांधली. २५ फेब्रुवारीला चार्ल्स रिच नावाचे एक पुढारी पलीकडच्या आयोवातल्या माँट्रोझजवळ पायी नदी ओलांडून गेले. त्यांच्यामागून गाड्याही बर्फावरून जाऊ लागल्या. इतक्या थोड्या दिवसांत गाडी पेलण्याइतका बर्फ कसा झाला, याचं उत्तर वर येऊन गेलं आहे. ज्या थाळ्यांनी आदल्या दिवसांत होड्या अडवल्या, त्याच अडकून एकमेकींना चिकटल्या. शून्यातून फूटभर बर्फ घडवायची गरज नव्हती, तयार तुकड्यांमधल्या फटी भरायच्या होत्या.

हा पूल फार दिवस टिकला नाही आणि त्यावरून गेलेल्यांची संख्याही एकूण निर्गमनाच्या मानाने लहान. त्या हिवाळ्यात सुमारे तीन हजार लोक निघाले, त्यातले बरेचसे होडीने. दहाएक हजार लोक वसंतात, मोकळ्या नदीतून, तरीने गेले. सर्वांत गरीब, आजारी आणि गाडी-बैल नसलेले सातशेच्या आसपास लोक मागे राहिले. त्यांना सप्टेंबर १८४६ मध्ये बंदुकांच्या धाकाने हुसकावलं गेलं. चित्रं मात्र बर्फाचीच काढली जातात. सप्टेंबरच्या चिखलात भिजत पडलेल्या माणसांचं चित्र दिवाणखान्यात कोण लावणार?

'पण उन्हाळ्यापर्यंत थांबले का नाहीत?'

ही शंका रास्त आहे. मुळात ठरलंही तसंच होतं. जून १८४४ मध्ये जोसेफ स्मिथ आणि त्यांचे बंधू हायरम यांचा कार्थेजच्या तुरुंगात जमावाने खून केला. जानेवारी १८४५ मध्ये राज्याने शहराची सनदच रद्द केली, म्हणजे नगरपालिका आणि शहराचं स्वतःचं सैन्यदल दोन्ही कायद्याच्या दृष्टीने संपलं. सप्टेंबरमध्ये आसपासच्या वाड्यांवरची घरं जाळली गेली. तेव्हा, वसंतात गवत उगवलं की आम्ही जातो, असा शब्द मॉर्मन नेत्यांनी दिला. गवत यासाठी, की बैलांचं इंधन तेच. हिवाळ्यात निघायचं तर चारा गाडीत वाहून न्यावा लागतो.

मग घाई का? डिसेंबर १८४५ मध्ये यंग आणि इतर नेत्यांवर बनावट नाणी पाडल्याचा आरोप ठेवला गेला होता आणि अटकेची टांगती तलवार होती. मिसिसिपी ही नुसती नदी नव्हती, ती हद्द होती. अलीकडे इलिनॉय राज्य, पलीकडे आयोवा, जे तेव्हा राज्यही झालेलं नव्हतं. नदी ओलांडली की इलिनॉयचा शेरीफ मागे राहत होता.

दुसरं कारण थेट बर्फाशी जोडलेलं आहे. वसंतात नदी मोकळी झाली की संघराज्याचं सैन्य बोटींनी येईल, अशी बातमी पसरली होती. गव्हर्नर थॉमस फोर्ड यांनी पुढे आपल्या इलिनॉयच्या इतिहासात लिहून ठेवलं, की मॉर्मनांनी लवकर जावं म्हणून त्यांचा असा समज करून देण्यात आला होता. म्हणजे बर्फ वितळण्याची वाट पाहणं हा त्यांच्या लेखी सुरक्षित पर्याय उरलाच नव्हता. बाहेरून वेडेपणा वाटणारा निर्णय आतून पाहिला की हिशोबी दिसतो. मला तो पूर्ण बरोबर वाटत नाही, कारण कितीतरी गोष्टींची तयारी अर्धवट टाकून अनेक कुटुंबं नियोजनाबाहेर आधीच निघाली आणि पलीकडच्या छावणीत अन्नाची ओढाताण झाली. पण अफवेला अफवा म्हणणं आपल्याला आज सोपं आहे.

'नदी गोठणं हा चमत्कार नव्हता का?'

श्रद्धावंतांना तो ईश्वरी हात वाटला आणि आजही वाटतो. थाळ्या कशा अडकतात हे सांगून कोणाच्या कृतज्ञतेला उत्तर देता येत नाही, द्यायचीही गरज नाही. तरी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. मिसिसिपीचा तो पट्टा हिवाळ्यात गोठणं ही तिथल्यांना नवलाई नव्हती. आणि ज्या थंडीने पूल दिला, तिनेच आधी होड्या रोखल्या होत्या आणि पलीकडे तंबूत झोपलेल्यांना गारठवलं होतं. गंमत म्हणजे सप्टेंबरमध्ये हुसकावलेल्या गरिबांच्या आठवणीतल्या चमत्काराचा बर्फाशी संबंधच नाही. ९ ऑक्टोबर १८४६ रोजी दमलेल्या लावा पक्ष्यांचे थवेच्या थवे त्यांच्या छावणीत उतरले आणि उपाशी माणसांनी ते हातांनी पकडले.

'थंडीनेच माणसं मेली ना?'

काही अंशी. पण खरा मारेकरी दुसरा होता. आयोवाची छावणी १ मार्चला हलली आणि पुढे पावसाने रस्त्यांचा चिखल केला. सुमारे ४८० किलोमीटरचं आयोवा ओलांडून मिझुरी नदी गाठायला आघाडीच्या तुकडीला जूनचा मध्य उजाडला. गोठलेली जमीन गाडीला बरी, वितळलेली वाईट!

पुढचा हिवाळा त्यांनी मिझुरीच्या काठी काढला, आजच्या ओमाहा शहराच्या फ्लोरेन्स भागात. ओमाहा जमातीच्या त्या जमिनीवर वसवलेल्या गावाचं नावच 'विंटर क्वार्टर्स'. डिसेंबर १८४६ पर्यंत तिथे लाकडी ओंडक्यांची आणि मातीच्या ढेकळांची सहाशेवर घरं होती आणि साडेतीन हजारांच्या आसपास माणसं. त्या परिसरात शेकडो दगावली. त्यातल्या अनेकांना स्कर्व्हीने गाठलं, म्हणजे 'क' जीवनसत्त्वाच्या अभावाने. महिनोन्‌महिने खारवलेलं मांस आणि मका, ताजी भाजी नाही. हिरड्या सडायच्या, पाय काळे पडायचे. बटाटे मिळाले तेव्हा लोक सावरले. थंडीचा दोष इतकाच, की तिने भाजीपाला बंद केला.

एप्रिल १८४७ मध्ये पहिली तुकडी तिथून निघाली आणि जुलैत सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोहोचली. जोसेफ यांच्या पत्नी एमा मात्र नॉवूतच राहिल्या. यंग यांच्या मागे न गेलेल्यांमधून १८६० मध्ये वेगळं चर्च उभं राहिलं, आज त्याचं नाव कम्युनिटी ऑफ क्राइस्ट. स्मिथ घराण्याची घरं त्याच्याकडे होती. २०२४ चा व्यवहार हा, निघून गेलेल्यांच्या वारसांनी मागे राहिलेल्यांच्या वारसांकडून घरं विकत घेण्याचा होता.

आज ती नदी पाहायला गेलात तर

१८४६ ची नदी आता तिथे नाही. नॉवूच्या खाली अकरा-बारा मैलांचा खळखळाट होता, डेस मॉइन्स रॅपिड्स. १८३७ मध्ये त्याचं सर्वेक्षण रॉबर्ट ली या तरुण लष्करी अभियंत्याने केलं होतं, पुढे यादवी युद्धात दक्षिणेचा सेनापती झाला तोच. १९१३ मध्ये किओकक इथे धरण झालं आणि तो खळखळाट पाण्याखाली गेला. नॉवूसमोरचं पात्र पसरलं, खोल झालं, संथ झालं. जुन्या गावाच्या सखल भागातली काही जमीनही त्यात गेली.

संथ पाणी लवकर गोठतं, त्यामुळे गावासमोर हिवाळ्यात अजूनही बर्फ दिसतो. वरच्या मिसिसिपीवरची बार्जवाहतूक साधारण डिसेंबर ते मार्च बंद असते. धरणाच्या खाली मात्र पाणी इतकं घुसळतं, की ते गोठतच नाही. वर सगळं बंद असताना मासे पकडायला एवढीच मोकळी जागा उरते, म्हणून जानेवारी-फेब्रुवारीत किओककजवळ पांढऱ्या डोक्याचे गरुड मोठ्या संख्येने जमतात. शिकागो किंवा डेस मॉइन्सच्या आसपास राहणाऱ्या मराठी मंडळींना हे एका शनिवार-रविवारात जमण्यासारखं आहे.

नॉवूत पार्ली स्ट्रीट नावाचा रस्ता थेट नदीकाठी उतरतो. गाड्या त्याच रस्त्याने गेल्या होत्या. दर फेब्रुवारीत काही लोक थंडीत कुडकुडत तिथून पायी चालतात आणि काठावर थांबतात. तुम्हीही काठावरच थांबा. धरणामुळे पाण्याची पातळी वरखाली होते आणि बर्फाखाली पोकळी राहू शकते. अलीकडचे हिवाळेही लहरी झाले आहेत, आठवडाभर कडाका आणि मग अचानक उबारा. असा गोठून-वितळून पुन्हा गोठलेला बर्फ जाड दिसला तरी कच्चा असतो. स्थानिक मासेमार बर्फावर उतरण्याआधी दर काही पावलांवर भोक पाडून जाडी मोजतात, आणि ते तिथे उतरले आहेत म्हणून तुमच्या पायाखाली तेवढाच बर्फ आहे असं समजू नका.